पहिले अकरा सेकंद

माझ्या कानांचा विमा उतरवलेला आहे, ही गोष्ट मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकते. उगाच मागाहून कळून त्याला धक्का बसायला नको. सव्वीस वर्षं मी हेडफोनची परीक्षा करते आहे. त्यातही बंद पाठीचे हेडफोन हा माझा खास प्रांत. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये मागचा आवाज जाळीतून बाहेर पळतो, त्यामुळे बनवणाऱ्याच्या बऱ्याच चुका वाऱ्यावर जातात. बंद पाठीत तसं होत नाही. आतल्या थरथरणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूने निघालेला आवाज वाटीत कोंडतो, भिंतीवर आपटतो आणि परत येऊन पुढच्या आवाजाच्या पायात पाय घालतो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं नांदवण्यासारखं ते काम आहे. ज्याला जमलं त्याला मी हात सैल सोडून गुण देते. ज्याला नाही जमलं त्याला माझं एक वाक्य पुरतं.

तसं एक वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी, २०३० साली लिहिलं. ‘आवाज डब्यातून येतो.’ दहापैकी तीन गुण. तो हेडफोन माझा सख्खा भाऊ शिवदास याने बनवला होता. त्यानंतर त्याने दुसरा बनवला नाही. भाऊबीजेला मी जाते, ओवाळते, तो ताटात काहीतरी घालतो, आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो. आवाजाबद्दल एक अक्षर निघत नाही. आमच्यासारख्या तंबोरे बनवणाऱ्या घरात आवाजाबद्दल न बोलणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

मी बरोबर होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. गेल्या मंगळवारी ते सांगणं बंद पडलं. पण ते सरळ सांगते, कारण त्या दिवसाइतकी मजा मला गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक नवी कंपनी आहे. तिथली मुख्य इंजिनिअर रेणुका हेरवाडे, वय सत्तावीस, बोलण्याचा वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. तिने एक ॲम्प्लिफायर तयार केला होता, नाव ‘मनजोगा’. मी त्याची परीक्षा करावी आणि पटलं तर खोक्यावर माझं नाव छापायची परवानगी द्यावी, असा तिचा आग्रह. ‘वैजयंती सुतार यांच्या कानांनी मान्य केलेला’ हे शब्द तिने आधीच कच्च्या खोक्यावर छापूनही ठेवले होते. मला तिचा आगाऊपणा आवडला, कारण माझ्यातही तो भरपूर आहे.

मनजोगा काय करतो ते तिने मला चहाच्या कपावर कप ठेवत समजावलं. आपल्या कानामागे, केसांच्या कडेला एक चिमुकला स्नायू असतो. कुत्रा, मांजर, गाय त्या स्नायूने कान टवकारतात. माणसाचे कान हलायचे कधीच थांबले, पण स्नायूला ते कुणी कळवलेलं नाही. आवाजाचा ठोका पडला की तो अजूनही सेकंदाच्या शंभराव्या भागात आक्रसतो. मन खुशीत असलं तर जास्त, नाराज असलं तर कमी. माणूस तोंडाने काहीही म्हणो, हा स्नायू खोटं बोलत नाही. रेणुकाच्या हेडफोनच्या गाद्यांमध्ये विजेची सूक्ष्म नोंद घेणारे धागे विणलेले होते. ते हा स्नायू वाचायचे.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. निरोगी कानात बारीक टकटक सोडली तर कान स्वतः तिचा प्रतिध्वनी परत पाठवतो. त्यावरून कुठला स्वर त्या कानाला किती पोचतो ते मोजता येतं. डॉक्टर तान्ह्या मुलांचे कान असेच तपासतात. मनजोगा या दोन्ही गोष्टी जोडतो. पहिले अकरा सेकंद तो नुसता ऐकत बसतो, गाण्याला हात लावत नाही. मग इथला स्वर जरा वर, तिथला जरा खाली, असं करत स्नायू खूश होईपर्यंत आवाज बदलत नेतो.

सांगलीत दोनशे घरांत त्याची चाचणी झाली होती. लोक अक्षरशः वेडे झाले होते. साध्या चारशे रुपयांच्या हेडफोनमधून त्यांना स्वर्ग ऐकू येत होता. तक्रारी म्हणाव्यात तर दोनच. एका जोडप्याचं लग्न ठरल्यापासूनचं आवडतं गाणं होतं, ते आता दोघांना इतकं वेगळं ऐकू येई की त्यावरून भांडण झालं. आणि गाण्याच्या एका बाईंनी यंत्र परत केलं, कारण घरी स्वतःचा रियाज मनजोग्यावर ऐकून आलेला प्रत्येक विद्यार्थी आपलं उत्तम चाललंय अशा थाटात क्लासला यायचा. रेणुकाने हे हसत हसत सांगितलं. पुढच्या आवृत्तीत ते अकरा सेकंदही काढून टाकणार, हेही सांगितलं. घातल्या क्षणापासून मनासारखं. बंद करायचं बटणही जाणार होतं, कारण दोनशे घरांत ते कुणी दाबलंच नव्हतं.

मी परीक्षेला बसले ती माझ्या अटींवर. डोळ्यांवर पट्टी. सहा हेडफोन, प्रत्येकाला रेणुकाच्या धाग्यांच्या गाद्या, सारखी खोळ, सारखं वजन. मी हात लावणार नाही, रेणुकाच माझ्या डोक्यावर ठेवणार. चष्मा काढून, केस मागे बांधून, कारण चष्म्याच्या काडीएवढी फट राहिली तरी बंद पाठीचा खर्ज गळून जातो. आणि सहाही हेडफोन मोजून सारखेच मोठे वाजले पाहिजेत, डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत. या शेवटच्या अटीबाबत मी फार खाष्ट आहे. दोन सारख्या हेडफोनांतला एक जरा मोठा वाजला तर शंभरातली नव्वद माणसं त्यालाच चांगला म्हणतात, आणि कारण म्हणून खर्ज, गोडवा, मोकळेपणा असलं काहीही सांगतात. मोठ्याने बोलणाऱ्याचं खरं वाटतं, तशातलाच प्रकार.

माझी दोन रेकॉर्डिंगं ठरलेली आहेत. एक सांगलीच्या बँडपथकाचं, भर वरातीतलं. दुसरं आमच्या बाबांच्या तंबोऱ्याचं, चाळीस सेकंदांचं, मिरजेच्या आमच्या कारखान्यात केलेलं. त्यात मागे कुणीतरी पितळी तांब्या खाली ठेवतं. तो तांब्या कुठे ठेवला ते ज्या हेडफोनवर कळत नाही, तो माझ्याकडे पास होत नाही.

पहिला हेडफोन डोक्यावर आला. बँड वाजू लागला. मी मनात नोंदी सुरू केल्या. झांजा बोचऱ्या, ढोल फुगलेला, प्लॅस्टिकची वाटी, स्वस्त माल. आणि अकराव्या सेकंदाला कुणीतरी खिडकी उघडावी तसा सगळा बँड मोकळा झाला. झांजांची धार गेली, ढोल जागेवर बसला, क्लॅरिनेटवाला माझ्या उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी सव्वीस वर्षांत हजारभर हेडफोन ऐकले असतील, पण चारशे रुपयांच्या प्लॅस्टिकने मला असं कधी उचललं नव्हतं. मी हसत होते. पट्टीखाली डोळे भरून आले होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. सुरुवातीला दोष, अकराव्या सेकंदाला खिडकी, मग आनंदीआनंद. मी साडेनऊच्या खाली गुण देऊ शकत नव्हते. मनातून एक भीतीही वाटत होती, की आता आपल्यासारख्या परीक्षकाने घरी बसून लोणची घालावीत. पण आवाज इतका सुंदर होता की ती भीतीसुद्धा मला गोड लागली.

चौथा हेडफोन आला तेव्हा मी खिडकी उघडायची वाट पाहत बसले. ती उघडलीच नाही. ती आधीपासून उघडी होती. पहिल्या ठोक्यापासून ढोल जागेवर, झांजा जागेवर. मग तंबोरा लागला आणि मला आमच्या कारखान्याची जमीन दिसली. तांब्या उंबऱ्याच्या आत, डावीकडे, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवला गेला. इतका नेमका मी तो कधी ऐकला नव्हता. अकरावा सेकंद केव्हा गेला ते मला कळलं नाही.

पाचवा, सहावा झाला. मी पट्टी काढली आणि म्हटलं, चौथ्याच्या वेळी तुझं यंत्र अडकलं होतं बहुतेक, काही बदललंच नाही. रेणुका संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडला होता.

प्रत्येक हेडफोनसाठी मनजोग्याने काय काय दुरुस्ती केली त्याची एक रेघ पडद्यावर उमटायची. पाच रेघा डोंगरदऱ्यांसारख्या होत्या. चौथी सपाट. यंत्र नीट चालत होतं, पण त्याला माझ्या कानासाठी बदलण्यासारखं काही सापडलंच नव्हतं. माझा स्नायू तर पहिल्या तीन सेकंदांतच असा उडाला होता की त्याच्या नोंदीचं टोक पडद्याबाहेर गेलं होतं.

“मॅडम, असं व्हायला नको होतं,” रेणुका म्हणाली. “चार नंबर तर मी मुद्दाम सगळ्यात वाईट निवडलेला.”

तिने निवड कशी केली होती ते ऐका. मनजोगा कसल्याही हेडफोनला तारतो हे दाखवायचं, तर सगळ्यात टाकाऊ हेडफोन हवा. म्हणून तिने माझी जुनी परीक्षणं काढली आणि मी आयुष्यात सगळ्यात कमी गुण ज्याला दिले होते तो शोधून काढला. एकूण नऊच नग बनले होते. त्यातला एक तिला ठाण्याच्या एका संग्राहकाकडून मिळाला. तिने खोळ काढली. आत पिवळसर तपकिरी, गुळगुळीत, वाळलेल्या भोपळ्याच्या दोन वाट्या होत्या.

मी त्या बघताक्षणी ओळखल्या. त्या वाट्या कुणाच्या हातच्या आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. सुतार हे आडनाव काय, गावोगाव सापडतं.

तंबोऱ्याचा भोपळा मुळात आवाज कोंडण्यासाठी आणि फुलवण्यासाठीच असतो. त्याची भिंत आत एकसारखी नसते, त्यामुळे आवाज एकाच जागी आपटून घुमत नाही. माझ्या भावाला हे हेडफोनसाठी सुचलं होतं. आमच्या घरात तो हाताचा आणि मी कानाची. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने असा घासावा लागतो की तार त्यावर अलगद टेकावी आणि आवाज उमलावा. याला जवारी म्हणतात. दादा दहा वर्षांचा असल्यापासून घासायचा आणि पाच वर्षांची मी समोर डोळे मिटून बसायची. आवाज उमलला की मी ‘आलं’ म्हणायचं. आणि मी आलं म्हटलं की हात थांबवायचा, पुढे कानशीचा एक घास मारायचा नाही, अशी बाबांची शिस्त. दादाला कितीही वाटलं की अजून जरा हवं, तरी माझ्या शब्दाने त्याचा हात थांबायचा.

त्याने पहिला भोपळ्याचा हेडफोन मला भाऊबीजेला ओवाळणी म्हणून दिला. आणि मी काय केलं? माझा नियम होता की परीक्षा होईपर्यंत बनवणाऱ्याशी त्या वस्तूबद्दल बोलायचं नाही. भाऊ असला म्हणून काय झालं, भाऊ असला म्हणून तर जास्तच कडक. मी ताट खाली ठेवलं, हेडफोन पिशवीत घातला आणि पंधरा दिवस त्याचा फोन उचलला नाही. मग ते एक वाक्य लिहिलं. आणि परीक्षकाने नमुना स्वतःकडे ठेवायचा नाही, हा दुसरा नियम, म्हणून भावाची ओवाळणी कुरियरने परत पाठवली. तेव्हा मला स्वतःच्या निःस्पृहपणाचं केवढं कौतुक वाटलं होतं. आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

रेणुका आपल्या परीने कारण शोधत होती. तिने अगदी अदबीने विचारलं की अकरा वर्षांत कान थोडे उतरले असतील का. मी मनातल्या मनात तिचे कान उपटले आणि तपासायला सांगितलं. प्रतिध्वनीची नोंद तिथेच होती. अगदी वरचे स्वर थोडे उतरले होते, ते वयाप्रमाणे. पण डब्यासारखा घुमणारा आवाज खालच्या स्वरांत असतो, आणि तिथे माझे कान ठणठणीत होते. मग तिने चार नंबर स्वतःच्या डोक्यावर घातला. तिची रेघ अजिबात सपाट नव्हती, यंत्राने बरीच खटपट केली. पहिले अकरा सेकंद तिला आवाज जाड आणि गुळचट वाटला होता. म्हणजे जगातला सर्वोत्तम हेडफोन वगैरे काही नव्हता तो. तो माझ्या कानाला बसणारा हेडफोन होता.

तिने वाटीच्या आतलं माप घ्यायला गादी काढली. आमच्या घरची एक रीत आहे. भोपळा कायमचा बंद करण्याआधी आतल्या बाजूला गिऱ्हाइकाचं नाव पेन्सिलीने लिहायचं. बाहेरून ते कधीच दिसत नाही. कुणासाठी बनवतोय ते बनवणाऱ्याला माहीत असावं, एवढाच हेतू. डाव्या वाटीच्या आत पेन्सिलीने लिहिलं होतं, वैजू. मी कुरियरने परत पाठवलेली ओवाळणी दादाने विकून टाकली असणार, ती हीच.

मी कुणाच्या परीक्षेत नमुना उघडत नाही. हा माझा तिसरा नियम.

आता माझं डोकं पेटलं. कान तोच, हेडफोन तोच, अगदी नगसुद्धा तोच, मग तीन आणि साडेनऊ यांच्यामध्ये होतं काय? एकच गोष्ट बदलली होती. मी रेणुकाला गाडीत घातलं आणि तडक सांगलीला माझ्या घरी आणलं. कपाटाच्या वरच्या खणात माझा जुना ॲम्प्लिफायर होता, काचेच्या चार बल्बांचा, तांब्याच्या रंगाचा, मी पहिल्या कमाईतून हौसेने घेतलेला. पंधरा वर्षं माझी सगळी परीक्षणं त्याच्यावर झाली. तो मी पुसला, तापू दिला, आणि चार नंबर त्याला जोडला.

बँड सुरू झाला आणि डबा आला. तोच डबा. ढोल असा घुमत होता की क्लॅरिनेट त्याच्यात बुडून गेलं. मी लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. मी टाळ्या पिटल्या, आणि रेणुकाने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

पुढचा अर्धा तास आम्ही दोघी मीटर घेऊन शाळकरी पोरींसारख्या जमिनीवर बसलो होतो. गोष्ट साधी आहे. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या पोटात स्वतःचा थोडा विद्युतरोध असतो. हेडफोनलाही रोध असतो. वीज निघाली की दाब या दोघांत त्यांच्या रोधाप्रमाणे वाटला जातो, ज्याचा रोध जास्त त्याचा वाटा जास्त. आजच्या ॲम्प्लिफायरचा रोध जवळपास शून्य, त्यामुळे हेडफोनला नेहमी पूर्ण वाटा मिळतो. माझ्या बल्बवाल्याचा निघाला एकशेवीस ओहम. दादाने स्वतः गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्याचा रोध बहुतेक स्वरांना बत्तीस होता, पण खर्जात एका जागी तो दोनशे ऐंशीपर्यंत चढत होता. म्हणजे बाकी स्वरांना दाबाचा पाचवा हिस्सा मिळत होता आणि त्या एका खर्जाला दोनतृतीयांशाहून जास्त. तो स्वर तिपटीहून जोरात वाजत होता. डबा भोपळ्यात नव्हता. डबा माझ्या लाडक्या ॲम्प्लिफायरने बनवला होता.

त्या काळातले बाकीचे महागडे हेडफोन मला बरोबर ऐकू आले, कारण ते बहुतेक पातळ पडद्याचे, त्यांचा रोध सगळ्या स्वरांना एकसारखा असायचा. आणि माझी ती खाष्ट अट, सारखं मोठं वाजवायची? ती मी दर वेळी एकाच मधल्या स्वरावर मोजून पुरी करत होते. त्या स्वरावर सगळं अगदी बरोबर होतं.

दादाने तो हेडफोन कशावर ऐकून बनवला असेल, तेही आता उघड होतं. त्याच्याकडे ॲम्प्लिफायर कुठला असायला? तो फोनला वायर लावायचा. फोनचा रोध एका ओहमपेक्षाही कमी. त्याने ऐकलं ते एक, मी ऐकलं ते दुसरं, आणि ‘कशावर ऐकतोस’ एवढा एक प्रश्न आम्हा दोघांपैकी कुणीही विचारला नाही. मी नियमामुळे, तो मानी म्हणून.

रेणुका मीटर आवरू लागली. मी तिला म्हटलं, तुझं यंत्र अस्सल आहे, मी सही करते. पण पहिले अकरा सेकंद काढायचे नाहीत आणि बंद करायचं बटण ठेवायचं. मालक ऐकायचे नाहीत, असं ती म्हणाली.

“त्यांना सांग, तुझ्या यंत्राने आज मला माझी चूक दाखवली ती त्या अकरा सेकंदांत,” मी म्हटलं. “तू ते काढलेस तर चार नंबर आणि प्लॅस्टिक सारखेच. मग कुणी काय बनवलं ते कुणालाच कळायचं नाही.”

तिने थोडा वेळ चार नंबरच्या वाटीवर बोट फिरवलं. मग म्हणाली की अकरा सेकंद आणि बटण, दोन्ही ती ठेवेल, आणि मालकांना तिच्याशी भांडायचं असेल तर सकाळी भांडावं, कारण दुपारनंतर ती कुणाला आटोपत नाही. खोक्यावरच्या वाक्यात मी एक भर घातली. ‘हे त्यांचे कान आहेत, तुमचे तुम्ही तपासा.’ विक्री खात्याला ती भर आवडणार नाही. मला फार आवडली.

तिला रिक्षा करून दिली आणि मी गाडी काढली. सांगलीहून मिरज म्हणजे काय, वीस मिनिटं. पण मला सिग्नलला धीर निघत नव्हता. शेजारच्या सीटवर चार नंबर, मांडीएवढा बल्बवाला ॲम्प, आणि रेणुकाकडून मागून घेतलेला काडेपेटीएवढा साधा ॲम्प. 

दादा कारखान्यात एकटाच होता. आता तो फक्त जुन्या तंबोऱ्यांच्या दुरुस्त्या करतो. भाऊबीज नसताना मी आलेली पाहून त्याने आधी कोण आजारी आहे ते विचारलं. मी हेडफोन त्याच्यासमोर सतरंजीवर ठेवला. त्याने तो लगेच ओळखला आणि हात लावला नाही.

मग मी सगळं सांगितलं. रोध, दाबाचे वाटे, एकशेवीस ओहम, सपाट रेघ, माझ्या कानामागचा स्नायू. मधे श्वास घेतला की नाही आठवत नाही. वाटीतलं नाव वाचल्याचंही सांगितलं. शेवटी म्हटलं की माझं चुकलं, आणि हे जिथे छापून आलं होतं तिथेच मी छापून सांगणार आहे. तो खाली बघत होता. मग त्याने हातातली कानस पुसून बाजूला ठेवली.

“तू कशावर ऐकलीस ते दाखीव,” तो म्हणाला.

मी बल्बवाला जोडला. त्याने हेडफोन डोक्यावर चढवला, बँड ऐकला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग मिशीखाली काहीतरी हललं. त्याने हेडफोन काढला.

“डबाच की ह्यो,” दादा म्हणाला. “मीबी तीनच दिलो असतो.”

आणि तो हसायला लागला. मीही हसले, मग हसता हसता रडले. अकरा वर्षं हा माणूस माझ्यावर नाही, स्वतःच्या हातावर रुसून बसला होता. मी म्हटलं त्याअर्थी आपला हात चुकला, असं त्याने धरून टाकलं होतं. मी आलं म्हटल्यावर थांबायचं, आणि नाही म्हटल्यावरही थांबायचं. त्याने तसं बोलून दाखवलं नाही, पण कपाटात वरच्या फळीवर सतरा लहान भोपळ्यांच्या वाट्या धूळ खात पडलेल्या मला दिसल्या, आणि त्या त्याने टाकूनही दिल्या नव्हत्या.

मग त्याने काडेपेटीएवढ्या ॲम्पवर ऐकलं. तंबोरा, तांब्या, सगळं. त्याने मान तिरकी केली, डावी वाटी दाबून पाहिली, सोडली. अकरा वर्षांत डावा भोपळा जरा जास्त वाळलाय, आवाज केसभर पातळ पडतोय, असं तो म्हणाला. मला तसं काही वाटलं नव्हतं. माझी रेघ सपाट होती, मशीनने सांगितलं होतं, असं मी म्हटलं. मशीन ऱ्हाऊ दे, तू बस, असं म्हणून त्याने गादी काढली, वाटी दोन पायांच्या तळव्यांत धरली आणि आतल्या कडेला बारीक कानस लावली.

मी समोर मांडी घालून बसले. तो चार घास मारायचा, वाटी जोडायचा, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवायचा. काढायचा, पुन्हा घासायचा. मी एकोणपन्नास वर्षांची बाई डोळे मिटून पाच वर्षांची झाले होते. सहाव्या की सातव्या वेळी तंबोऱ्याची तार अशी उमलली की माझ्या कानामागे काहीतरी टुणकन उडालं, आणि ते मला यंत्राशिवाय कळलं.

“आलं,” मी म्हटलं.

मी डोळे उघडले. दादाने हेडफोन माझ्या डोक्यावरून उचलला, स्वतःच्या कानाला लावून ऐकला आणि मान हलवली.

“अजून न्हाई,” तो म्हणाला, आणि पुन्हा घासायला लागला.